विंडोज, मॅक की लिनक्स? आधी सॉफ्टवेअरची यादी करा

रोज लागणारी सॉफ्टवेअर, प्रिंटर आणि डोंगल (सॉफ्टवेअर चालण्यासाठी यूएसबीला लावायची किल्ली) आधी कागदावर लिहा. निम्मा निर्णय तिथंच होतो.

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या पेढीवर टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर असेल तर विंडोजच घ्या, टॅलीप्राइम मॅकवर थेट चालत नाही. उद्यमनगरात सॉलिडवर्क्सवर ड्रॉइंग काढणाऱ्यांचंही तेच. ‘मॅक घेऊ, त्यात विंडोज टाकू’ हा बेत एम१ (ॲपलची स्वतःची चिप) आणि पुढच्या मॅकवर फसतो, कारण त्यांत बूट कॅम्प, म्हणजे मॅकवर थेट विंडोज बसवायची सोय, नाही. शिवाय मॅकबुकची रॅम नंतर वाढत नाही. घेतानाच १६ जीबी बघा. जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधल्या पत्रिका असतील तर तो फॉन्ट नव्या मशीनवर टाकल्याशिवाय ‘श्री’च्या जागी भलतीच चिन्हं दिसतात.

घरचा जुना पीसी? विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, ते दिसत नसेल तर आधी बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, बंद आहे का तपासा, बऱ्याचदा तिथंच घोळ असतो. नसेलच तर ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट (लिनक्सचाच एक प्रकार) लिहून घ्या आणि इन्स्टॉल न करता लाइव्ह, म्हणजे थेट पेनड्राइव्हवरून, चालवा. वायफाय, आवाज, प्रिंट, तिन्ही बघा. प्रिंटरच अडतो बहुधा. सगळं जमलं, की डेटाची प्रत काढूनच इन्स्टॉल करा.