अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची कातडी रोज कशी तपासावी आणि बेडसोर कसे टाळावेत

हाड आणि गादी यांच्यात दबलेल्या जागेचा रक्तपुरवठा अडतो आणि आतले मांस मरू लागते; यातून होणारी जखम म्हणजे बेडसोर. वर जखम दिसते तोवर आत बरेच नुकसान झालेले असू शकते. म्हणून कातडी रोज पाहायची.

अंग पुसताना, चांगल्या उजेडात माकडहाड, खुबे, टाचा, घोटे, कोपरे, डोक्याची मागची बाजू बघा. ऑक्सिजनची नळी टेकते ती कानामागची जागा हमखास राहून जाते. लाल डाग दिसला तर बोटाने तीन सेकंद दाबून सोडा. पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर रक्त फिरते आहे. लालच राहिला तर बेडसोरची सुरुवात समजा. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, तिथे जांभळट छटा, गरमपणा किंवा कडकपणा हाताने चाचपा. डागावर मालिश मात्र करू नका, आतल्या नाजूक रक्तवाहिन्यांना आणखी इजा होते.

कूस साधारण दर दोन तासांनी बदला. पूर्ण कुशीवर झोपवले की सगळा भार खुब्यावर येतो, म्हणून पाठीमागे उशी लावून 30 अंशच कलवा. पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाचा अधांतरी राहू द्या. भोक असलेली गोल उशी टाळा; तिच्या कडेने रक्तपुरवठा अडतो.

पलंगाची डोक्याकडची बाजू 30 अंशांपेक्षा वर ठेवली की माणूस खाली घसरतो आणि कातडी आतून ताणली जाते. जेवताना मात्र ताठ बसवावेच लागते, नाहीतर घास श्वासनलिकेत जातो. जेवणानंतर अर्धा तास तसेच बसवून मग पलंग खाली करा. घसरलेल्याला काखेत धरून ओढू नका. अंगाखाली घडीची आडवी चादर ठेवा आणि दोघांनी ती दोन्हीकडून धरून उचला.

हवेची गादी असली तरी कूस बदलावीच लागते. गादीखाली तळहात घालून पाहा. हाताला माकडहाड लागले तर हवा कमी आहे.

डायपर ओला होताच बदला, कातडी न घासता टिपून कोरडी करा आणि झिंक ऑक्साइडच्या मलमाचा पातळ थर लावा. जखमेचा धोका असलेल्याला वजनाच्या दर किलोमागे 1.25 ते 1.5 ग्रॅम प्रथिने रोज लागतात, म्हणजे 50 किलोच्या व्यक्तीला 62.5 ते 75 ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

याच तपासणीत दुसरेही काही दिसू शकते: दंडावर बोटांच्या ठशांसारखे काळेनिळे डाग, मनगटाभोवती बांधल्यासारखे वळ. रक्त पातळ करणाऱ्या औषधांनीही डाग सहज पडतात, त्यामुळे लगेच कुणावर आरोप नको. तारीख, जागा, आकार लिहून ठेवा, सांभाळणारी व्यक्ती खोलीत नसताना वृद्धांना शांतपणे विचारा आणि डॉक्टरांना दाखवा. ते कुणाला घाबरत असतील तर त्या माणसाबरोबर त्यांना एकटे सोडू नका.

कातडी काळी पडली, पू किंवा दुर्गंध आला, ताप चढला किंवा माणूस अचानक असंबद्ध बोलू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.