एम्युलेटरसाठी लिहिलेल्या हार्डवेअर-वर्णन फाइलला लायसन्स कसं लावावं

समजा, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एखाद्या मशीन शॉपमधल्या जुन्या मशीनचा कंट्रोल बोर्ड आता संपायला आलाय. सुटे भाग मिळत नाहीत, म्हणून तुम्ही तो बोर्ड एम्युलेटरमध्ये, म्हणजे हार्डवेअरची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये, उभा करताय. मेमरी कुठून सुरू होते, सीरियल पोर्ट कुठल्या पत्त्यावर आहे, टायमरचा इंटरप्ट (प्रोसेसरला थांबवून लक्ष वेधणारा इशारा) कितवा, हे सगळं एका मजकुरी फाइलमध्ये जातं. ती फाइल डिव्हाइस ट्रीची (लिनक्स वापरतं ती हार्डवेअर-वर्णनाची पद्धत) असेल, रेनोड या एम्युलेटरची असेल, नाहीतर जेसन या साध्या डेटा-स्वरूपातली तुमची स्वतःची. बोर्ड चालू झाला की लोक ती इंटरनेटवर टाकून मोकळे होतात, आणि लायसन्स नाही म्हणजे फाइल सगळ्यांची, असं धरून चालतात. कायद्यानं उलटं आहे. परवानगी लिहिलेली नसेल, तर ती फाइल कॉपी करून पुढं वाटायचा हक्क दुसऱ्या कुणाला मिळत नाही.

सुरुवात फोल्डर वेगळे करण्यापासून करा. वर्णनाच्या फाइली एकीकडे, कोड दुसरीकडे. बोर्डवरच्या चिपमधून वाचून घेतलेलं फर्मवेअर, म्हणजे मशीनचा मूळ प्रोग्राम, तुमच्या रिपॉझिटरीत (फाइलींच्या सामायिक साठ्यात) अजिबात ठेवू नका. ते मूळ कंपनीचं आहे, मग ती कंपनी बंद पडलेली का असेना.

दुसरी पायरी कंटाळवाणी आहे, पण खरं काम इथंच आहे: प्रत्येक माहिती कुठून आली ते लिहून काढा. एखादं रजिस्टर (चिपमधली आकडा ठेवायची छोटी जागा) अमुक पत्त्यावर आहे ही निव्वळ वस्तुस्थिती झाली, तिच्यावर कुणाचा कॉपीराइट नाही. पण 1957 च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात तक्ते, संकलनं आणि संगणकीय डेटाबेस साहित्यकृतीत मोडतात. त्यात नुसती मेहनत पुरत नाही, निवड आणि मांडणीत थोडंतरी कौशल्य आणि विचार दिसायला हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं 2007 साली ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात सांगितलं. शिरोलीच्या फाउंड्रीवाल्याला हे लगेच कळेल: 40 मिलिमीटरचा बोअर हे माप कुणाच्या बापाचं नाही, पण पॅटर्नवाल्यानं केलेला पॅटर्न उचलून नेलात तर भांडण ठरलेलं.

म्हणून डेटाशीटमधून (चिपच्या तांत्रिक माहितीपत्रकातून) आकडे घेऊन फाइल स्वतः लिहिली असेल, किंवा बोर्डवर मोजून आकडे काढले असतील, तर काळजी नाही. डेटाशीटमधली वर्णनाची वाक्यं मात्र तशीच उचलू नका. लिनक्सच्या डिव्हाइस ट्रीतून तुकडा घेतला असेल तर त्या फाइलची पहिली-दुसरी ओळ बघा. कुठं फक्त जीपीएल 2 (फाइल पुढं वाटताना तेच लायसन्स ठेवायला लावणारं) असतं, कुठं जीपीएल किंवा एमआयटी (मूळ नाव आणि लायसन्सचा मजकूर ठेवला की बाकी मोकळीक देणारं) अशी निवड दिलेली असते. चिप कंपनीच्या एसव्हीडी फाइलींबाबत, म्हणजे चिपच्या रजिस्टरांची यादी देणाऱ्या फाइलींबाबत, जास्त सावध राहा. काहींना अपाची 2.0 हे खुलं लायसन्स असतं, काहींना ‘फक्त आमच्याच चिपसोबत वापरा’ अशी अट. एम्युलेटरमध्ये तर चिपच नसते! शिवाय एका उत्पादनाला बांधणारी अट ओपन सोर्सच्या व्याख्येत बसतच नाही. अशी फाइल बाजूला ठेवा आणि डेटाशीटवरून नव्यानं लिहा.

फाइल नोकरीचा भाग म्हणून लिहिली असेल तर वेगळा करार नसताना कॉपीराइटची पहिली मालकी तुम्हाला नोकरीवर ठेवणाऱ्याची ठरते. साहेबांकडून चार ओळी लेखी घ्या.

आता लायसन्सची निवड. एम्युलेटरचं लायसन्स डोळे झाकून फाइलला लावू नका. रेनोड बोर्डचं वर्णन चालताना मजकुरी फाइलमधून वाचतो आणि त्याचं स्वतःचं लायसन्स एमआयटी आहे. क्यूईएमयू या दुसऱ्या एम्युलेटरमध्ये बहुतेक बोर्ड सी भाषेत लिहून आतच कंपाइल होतात, आणि तो सगळा मिळून जीपीएल 2 खाली येतो. अपाची 2.0 ची फाइल तिथं अडते, कारण ते जीपीएल 2 शी जुळत नाही. एकच फाइल सगळीकडे चालावी असं वाटत असेल तर एमआयटी किंवा तसंच मोकळं असलेलं बीएसडी घ्या. लिनक्समध्येही पाठवायची असेल तर जीपीएल 2 किंवा बीएसडी अशी दुहेरी निवड द्या. स्वतःच्या नावाचीही अपेक्षा नसेल तर सगळे हक्क सोडून देणारं सीसी झिरो. मेम या जुन्या व्हिडिओ गेम मशीनच्या एम्युलेटरच्या सॉफ्टवेअर याद्यांमध्ये ते दिसतं, आणि युरोपातला 1996 च्या निर्देशानं आलेला वेगळा डेटाबेस हक्कही त्यातून सोडला जातो. ‘अव्यावसायिक वापरासाठी’ असलेली क्रिएटिव्ह कॉमन्स लायसन्स नकोत. उद्यमनगरातला दुरुस्तीवाला पैसे घेऊनच काम करतो, मग फाइल त्याच्या काय कामाची?

लायसन्स लिहायला दोन ओळी पुरतात: फाइलच्या डोक्यावर कॉपीराइटधारकाचं नाव आणि साल, खाली एसपीडीएक्स या लायसन्सची नावं ठरवणाऱ्या मानकाची ओळख-ओळ (उदा. SPDX-License-Identifier: MIT). ही ओळ रोमन लिपीत, ठरलेल्या स्पेलिंगनंच लिहा, कारण ती प्रोग्राम वाचतात. जेसनमध्ये टिप्पणी लिहायची सोय नाही. तिथं फाइलच्या पूर्ण नावापुढं डॉट लायसन्स (.license) जोडून शेजारी दुसरी फाइल करा आणि दोन्ही ओळी तिच्यात टाका. लायसन्सचा पूर्ण मजकूर वेगळ्या लायसन्सेस (LICENSES) फोल्डरमध्ये ठेवा. मग रीयूज (reuse) नावाच्या साधनाची लिंट (lint) तपासणी चालवा. कुठली फाइल लायसन्सशिवाय राहिली ते ती नावासकट सांगते.

हे सगळं पहिला बाहेरचा माणूस सुधारणा पाठवायच्या आत उरका. मेमच्या जुन्या लायसन्सला व्यावसायिक वापर चालत नव्हता. ते बदलायला 1997 पासून कोड दिलेल्या लोकांना शोधून विचारावं लागलं, तेव्हा कुठं 2016 मध्ये ते खुलं झालं. तुमच्याकडं येणाऱ्या प्रत्येक कमिटवर (नोंदवलेल्या बदलावर) साइन्ड-ऑफ-बायची ओळ मागा, म्हणजे हे देण्याचा हक्क आपल्याला आहे अशी पाठवणाऱ्याची सही. गिट या बदल नोंदवणाऱ्या साधनात कमिट करताना लहान एस (-s) हा पर्याय दिला की ती आपोआप लागते.