इंजिनाचा दम वाढवायचाय? आधी हरवलेला दम परत मिळवा

पिकअप एका दिवसात जात नाही. तो इतका हळू कमी होतो की रोज गाडी चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. म्हणून नवे पार्ट मागवण्याआधी इंजिनाने गमावलेली ताकद परत मिळवा, असा माझा आग्रह आहे. यात खर्च कमी आणि फरक जास्त.

काम सुरू करण्याआधी आजची स्थिती वहीत लिहून ठेवा. बंदिस्त ट्रॅकवर, तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० वरून ८० किलोमीटरला पोचायला किती सेकंद लागतात ते दोन्ही दिशांनी तीन-तीन वेळा मोजा आणि सरासरी काढा. पुढे प्रत्येक बदलानंतर हेच करायचं, आणि एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशामुळे पडला हे कधीच कळणार नाही.

मग इंजिनाची तब्येत पाहा. इंजिन गरम करा, इंधन आणि इग्निशन बंद ठेवा, सगळे स्पार्क प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि गेज लावून प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब, मोजा. आकड्यांत १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त तफावत असेल तर पिस्टनच्या रिंग, व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केटची (सिलिंडर आणि त्यावरच्या हेडमधल्या सीलची) तक्रार आहे. अशा इंजिनावर जास्त ताण टाकू नका, आधी दुरुस्ती.

काढलेले प्लग लगेच पुसू नका, ते बरंच काही सांगतात. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त पडतंय, पांढरंफटक टोक म्हणजे मिश्रण पातळ (इंधन कमी) किंवा इंजिन फार तापतंय, तेलकट ओल म्हणजे ऑइल आत शिरतंय. नवे प्लग कंपनीने दिलेल्या हीट रेंजचेच (प्लग उष्णता किती लवकर बाहेर टाकतो त्याचा आकडा) घ्या, टोकांमधली गॅप फीलर गेजने, म्हणजे मोजमापाच्या पातळ पट्ट्यांनी, तपासा. हेड ॲल्युमिनियमचं असेल तर थंड इंजिनावरच बसवा. पहिले आटे बोटांनी फिरवा आणि शेवटी टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच आवळणारा) वापरा. आटे गेले की काम हेड उतरवण्यापर्यंत जाऊ शकतं, त्यामुळे इथे घाई अजिबात नको.

आता ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं यंत्र, लावा. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (संगणक ठरलेल्यापेक्षा इंधन किती वाढवतो-घटवतो त्याचा आकडा) सतत +१० टक्क्यांच्या वर दिसत असेल तर कुठूनतरी न मोजलेली हवा आत येतेय, आत येणारी हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर मळलाय किंवा इंधनाचा दाब कमी आहे. व्हॅक्यूमच्या नळ्या चिरल्यात का ते पाहा. एअरफ्लो सेन्सरवर फक्त त्याच्यासाठीचाच क्लीनर मारा. ब्रेक क्लीनरने तो खराब होऊ शकतो.

हवेच्या बाबतीत फसवणूक सर्वांत जास्त होते. बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर) बसवला की आवाज भरदार येतो आणि गाडी पळतेय असं वाटतं. पण तो इंजिनाच्या अंगाची गरम हवा ओढतो. हवा ३० वरून ६० अंशांवर गेली की तिची घनता सुमारे ९ टक्क्यांनी घटते, आणि तेवढाच ऑक्सिजन कमी मिळतो. मूळचा बंद डबा, त्यात स्वच्छ फिल्टर आणि बाहेरून येणारी नळी शाबूत असेल तर बहुतेक गाड्यांना तेवढं पुरतं. इनटेक (हवा आत घेणारी नळी) बदलायचाच असेल तर तोंड बाहेरच्या हवेत हवं, पण फार खाली नको. साचलेलं पाणी ओढलं गेलं तर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

एक्झॉस्टमध्ये धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हात लावू नका, त्याच्या मागचा भाग बदला. टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) नसलेल्या गाडीत यातून थोडंच मिळतं. गाडीखाली जाताना जॅकच्या भरवशावर कधीही राहू नका, स्टँड लावाच.

ईसीयू रिमॅप, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाची सेटिंग बदलणं, सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) जाणकाराकडूनच. टर्बो इंजिनात बूस्ट (हवेचा दाब) वाढवता येतो म्हणून फायदा मोठा, बिनटर्बोत बेताचाच. रिमॅप जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलवर केला असेल तर नंतर तेच भरावं लागतं, नाहीतर नॉकिंगने, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन अवेळी भडकल्याने, पिस्टनला इजा होऊ शकते. ईसीयूची मूळ फाइल जपून ठेवा. रिमॅपआधी ब्रेक पॅड आणि टायर तपासा, आणि नंतर काही दिवसांनी एक प्लग पुन्हा काढून त्याचा रंग बघा.