पेनड्राइव्ह बूट होत नाही? आधी त्याची पार्टिशनं बघा

काल उबुंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकलेला ३२ जीबीचा पेनड्राइव्ह आज विंडोजला लावला, तर दिसतात जेमतेम चार-पाच एमबी. वर 'फॉरमॅट करायचं का?' असा प्रश्न. घाबरून 'हो' म्हणू नका. पेनड्राइव्ह बहुतेक वेळा ठणठणीत असतो. त्यावर दोन-तीन पार्टिशनं (वेगवेगळे कप्पे) झालेली असतात आणि लिनक्सचं पार्टिशन विंडोजला वाचता येत नाही, एवढंच.

आधी विंडोजच्या कळीबरोबर एक्स दाबून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. खालच्या पट्टीत सगळे तुकडे दिसतील. विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीआधीच्या विंडोजमध्ये पेनड्राइव्हच्या पहिल्याच पार्टिशनला ड्राइव्हचं अक्षर मिळतं, त्यामुळे जुन्या मशीनवर दुसरं पार्टिशन शोधण्यात वेळ घालवू नका.

मग मशीन सुरू होताना बूट मेन्यू, म्हणजे कशावरून सुरू व्हायचं ते निवडायची यादी, उघडा (डेलवर एफ१२, एचपीवर सहसा एफ९). तिथे एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो: एकदा नुसता, एकदा पुढे 'यूईएफआय' (मशीन सुरू करायची नवी पद्धत; जुनी ती बायोस) लिहिलेला. कधी 'पार्टिशन १', 'पार्टिशन २' असंही येतं. एक चाललं नाही तर दुसरं निवडून बघा. अर्धी दुखणी इथेच बरी होतात.

तरी नाही? मग फाइल सिस्टिम, म्हणजे पार्टिशनवर फाइली मांडायची पद्धत, तपासा (फॅट३२, एनटीएफएस हे तिचेच प्रकार). यूईएफआयला फॅट३२ हमखास वाचता येतं. एनटीएफएस बऱ्याच मशीनना येत नाही. पण फॅट३२ वर ४ जीबीची फाइल मावत नाही आणि विंडोज बसवायची मुख्य फाइल 'इन्स्टॉल.विम' हल्ली त्याहून मोठी असते. रूफस (बूट होणारा पेनड्राइव्ह बनवणारं सॉफ्टवेअर) यावर युक्ती करतं: मोठं पार्टिशन एनटीएफएस ठेवतं आणि शेवटी एक चिमुकलं फॅट पार्टिशन जोडतं. बूट त्या चिमुकल्यातूनच होतं, तेव्हा 'हे काय उगाच' म्हणून ते उडवू नका.

हाताने करायचं असेल तर पहिलं पार्टिशन २ जीबीचं फॅट३२, दुसरं एनटीएफएस. विंडोजच्या आयएसओतलं (अख्ख्या डिस्कची प्रत असलेल्या फाइलीतलं) सगळं दुसऱ्यावर टाका. पहिल्यावर 'सोर्सेस' फोल्डर सोडून बाकी सगळं. मग तिथे रिकामं 'सोर्सेस' बनवून त्यात फक्त 'बूट.विम' ठेवा.

व्हेंटॉय (एकाच पेनड्राइव्हवरून अनेक आयएसओ बूट करणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर त्याचं ३२ एमबीचं दुसरं पार्टिशनही तसंच राहू द्या. आयएसओ फाइली पहिल्या, मोठ्या पार्टिशनवर टाकायच्या. सिक्युअर बूट (ओळखीचंच सॉफ्टवेअर बूट होऊ देणारी सोय) चालू असेल तर पहिल्यांदा निळा पडदा येतो. तिथे 'एनरोल की' निवडून व्हेंटॉयची की एकदाच नोंदवावी लागते.

सगळंच बिघडलं असेल तर विंडोजचं 'डिस्कपार्ट' हे आज्ञा टाइप करून चालवायचं साधन. 'लिस्ट डिस्क', मग 'सिलेक्ट डिस्क' आणि क्रमांक, मग डिस्कवरची सगळी पार्टिशनं पुसणारं 'क्लीन'. क्लीन 'नक्की का?' असं विचारत नाही. मी एकदा घाईत १ ऐवजी ० टाइप केलं आणि घरच्या हार्ड डिस्कवर हात मारणार होतो. एंटर दाबण्याआधी आकाराच्या रकान्यात ४६५ जीबी दिसले म्हणून वाचलो. तेव्हा क्रमांकावर नाही, आकारावर भरवसा ठेवा.

क्लीननंतर 'क्रिएट पार्टिशन प्रायमरी', 'फॉरमॅट' आणि 'असाइन' या आज्ञा द्या. जुन्या बायोसवर बूट करायचं असेल तर 'अ‍ॅक्टिव्ह'ही द्या, नाहीतर काळ्या पडद्यावर कर्सर लुकलुकत बसतो.