जुनी मॅटाडोर पुन्हा उभी करताना

बजाज टेंपोची जुनी मॅटाडोर व्हॅन हाती लागली की रंगाच्या गप्पा नंतर. आधी आरसी बुक आणि चासी नंबर जुळवा. खासगी गाडीला १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं. कागदांत गोंधळ असेल तर गाडी घेऊच नका.

मग खाली झोपून पत्रा बघा. पायदानात, चाकांच्या कमानीत स्क्रूड्रायव्हर टोचा. आत घुसला तर सडका पत्रा कापून नवा वेल्ड करायचा. पुट्टीने थापलेला गंज आतून खातच राहतो, आणि अशी थापाथापी बघितली की माझा जीव जळतो.

ही गाडी पुढच्या चाकांवर ओढते. त्यामुळे पुढच्या ॲक्सलचे रबरी बूट, म्हणजे जॉइंटवरची आवरणं, तपासा. फाटले असतील तर ग्रीस बाहेर, धूळ आत. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवा. कटकट आवाज आला की जॉइंट गेला समजा.

सुट्या भागांसाठी मी आधी पुण्यातली नाना पेठ धुंडाळतो, मग तिथलाच जुना बाजार. जुना भाग सोबत न्याच. ब्रेकचं व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारा भाग) नुसतं डोळ्यांनी जुळवू नका, बोअर म्हणजे आतला व्यास व्हर्निअर कॅलिपरने मोजा. इंजिन मर्सिडीजचं ओएम ६१६ असेल तर बजाज टेंपोच्याच ट्रॅक्स गाडीचे भाग विचारा, तिच्यातही हेच इंजिन यायचं. काचांचं रबर मात्र तुकडा दाखवून मीटरवर मिळतं.