पांढऱ्या कपाची कड पांढऱ्या पार्श्वभूमीत विरघळते? माझा अनुभव

चिनी मातीचा पांढरा कप, मागे पांढरा कागद. ऑटोवर फोटो करडा यायचा, कारण कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर पांढऱ्यालाही मध्यम करडं समजतो. एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) वाढवलं की कपाची कडच गायब. समोरून फ्लॅश मारला, एडिटिंगमध्ये कॉन्ट्रास्ट ताणला; कड आली नाही. दोन संध्याकाळी यातच गेल्या आणि मी पार वैतागलो.

शेवटी जमलं ते असं. आधी कप कागदापासून साधारण १ मीटर पुढे आणला. समोरचा दिवा बंद करून उजेड फक्त मागच्या कागदावर टाकला. मग कपाच्या दोन्ही बाजूंना, फ्रेमच्या अगदी बाहेर, काळा कार्डबोर्ड उभा केला. खरी किमया इथेच आहे: गोल, चकचकीत कडेत काळ्याचं प्रतिबिंब पडतं आणि बारीक गडद रेघ उमटते. पुठ्ठा जवळ सरकवला की रेघ जाड होते.

त्यानंतर मॅन्युअल मोड (सेटिंग स्वतः ठरवायची), आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता १००. हायलाइट वॉर्निंग (अति उजळून तपशील गेलेला भाग स्क्रीनवर लुकलुकतो) चालू करून, फक्त पार्श्वभूमी लुकलुकेल आणि कप नाही, इतकाच शटर वेग कमी केला. कपाची पुढची बाजू काळवंडली होती, म्हणून मागचा उजेड कपावर परतवायला लेन्सशेजारी पांढरा थर्माकोल धरला.