मामांच्या खोलीत शिकताना

लातूर जिल्ह्यातल्या औशात आमच्या प्रथमोपचार मंडळाचं कार्यालय म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या आणि पुढं एक ओटा. दारावरच्या पाटीवर एका एसटी कंडक्टरचं पूर्ण नाव आहे. ते गेल्यावर आम्ही वर्गणी काढून ती पाटी लावली. गावात मात्र त्या नावानं पत्ता कुणी सांगत नाही. 'मामांची खोली' म्हटलं की रिक्षावाला बरोबर आणून सोडतो. यंदा नवीन मुलं-मुली बरीच आलीत आणि पहिल्या दिवशी प्रत्येकजण पाटीकडं बघून विचारतो, "डॉक्टर होते का?" म्हणून हे लिहायला घेतलं.

मामा डॉक्टर नव्हते. कंडक्टरचा परवाना काढायचा तर प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र लागतं, तेवढ्यापुरता त्यांनी तो कोर्स केला होता. परीक्षा झाली आणि पुस्तक माळ्यावर गेलं, असं तेच सांगायचे. मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. गणपती बोळवून लोक नुकते झोपले होते. ३ वाजून ५६ मिनिटांनी आमच्याच तालुक्यातलं किल्लारी आणि आजूबाजूची गावं भूकंपानं हलली. दगड-मातीच्या जाड भिंती, वर माळवदाचं ओझं. जवळपास दहा हजार माणसं त्याखाली गेली. मामा दिवस उजाडताच मिळेल त्या गाडीनं तिकडं पोचले होते. त्या दिवसाबद्दल ते फार बोलत नसत. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत: ढिगारा उपसायला शेकडो हात होते, पण बाहेर काढलेल्या माणसाला धरायचं कसं हे माहीत असलेले हात थोडे. कंबर मोडलेल्या बाईला दोघांनी हातापायाला धरून उचललेलं त्यांनी पाहिलं. त्यानंतर पुस्तक माळ्यावरून खाली आलं ते पुन्हा वर गेलं नाही.

मी बारावीनंतर इथं आले तेव्हा मला वाटलं होतं, आठवड्याभरात पट्ट्या बांधायला शिकू. पहिले दोन रविवार मामांनी मला नुसती पेटी उघडायला आणि भरायला लावली. ते ओट्यावर वर्तमानपत्र अंथरायचे, पेटी त्यावर पूर्ण रिकामी करायचे. गॉजचे रोल मोजायचे. मलमाच्या ट्यूबवरची तारीख चष्मा कपाळावर सरकवून, डोळ्यांजवळ धरून वाचायचे. कात्रीनं चिंधी कापून बघायचे. चिंधी दुमडली, कापली गेली नाही, की कात्री धार लावायला बाजूला. मग रजिस्टरमध्ये नोंद आणि सही.

तिसऱ्या महिन्यात एका रविवारी मी पेटी न उघडताच सही केली. पुढच्याच आठवड्यात कोजागिरी होती. तुळजापूरला पायी जाणाऱ्यांची रीघ आमच्या रस्त्यानं लागते, त्यांच्यासाठी आम्ही रात्रभर मंडप टाकून बसतो. रात्री दीडच्या सुमारास बिदरकडची एक आजी आली. अनवाणी. दोन्ही तळपायांना फोड, डाव्या पायाचा फुटलेला, त्यात बारीक खडी बसलेली. मी पेटी उघडली आणि गॉजचा एकही रोल नव्हता. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी एकाला मोटारसायकलवर गावातल्या मेडिकलवाल्याला उठवायला पाठवलं आणि स्वतः परातीत स्वच्छ पाणी घेऊन आजीचे पाय धुवायला बसले. आजीला मराठी येत नव्हतं, मामांना कानडी. ती लाजून पाय मागं घेत होती, ते "आई, आई" म्हणत पुन्हा पुढं ओढत होते. खडी एकेक करून पाण्यानं सुटेपर्यंत त्यांनी पाणी सोडलं. न फुटलेल्या फोडांना हातही लावला नाही. फोड फोडायचा नसतो, वरची कातडीच जखमेचं झाकण असते. रोल यायला अर्धा तास लागला. तेवढा वेळ आजी पाय वर धरून बसली होती. ते पाय मला अजून दिसतात. त्यानंतर न बघता मी कधी सही केली नाही, तुम्हीही करू नका.

मामांचं दुसरं शिकवणं हे की, "आधी हात मागं घे. बघ. मग हात लाव." नवीन मुलांना हेच सगळ्यात जड जातं. एकदा महामार्गावर आमच्या डोळ्यांसमोर मोटारसायकल घसरली. मी धावत जाऊन पोराचं डोकं उचलायला गेले, तर मामांनी मनगट धरलं. आधी मागून येणाऱ्या ट्रकला हात दाखवून थांबवला. मग त्या पोराला डोकं, मान न हलवता तसंच राहायला सांगितलं, एकाला १०८ ला फोन लावायला सांगितला. तोवर चार माणसं पाण्याच्या बाटल्या घेऊन आली होती. अपघातातल्या माणसाला पाणी पाजायचं नसतं, ते फुफ्फुसात जाऊ शकतं आणि ऑपरेशनची वेळ आली तर अडचण होते. लोक मायेनंच पाणी आणतात, त्यामुळं त्यांच्यावर ओरडू नका. बाटली हातात घ्या आणि त्यांना गर्दी हटवायचं काम द्या. पोलिसांची भीती अजून आहे. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनं कलम १३४-अ आलं. मदत करणाऱ्याला नाव-पत्ता सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही. हे वाक्य पाठ करून ठेवा, रस्त्यावर लागतं.

आपल्याकडं काय काय येतं हे ऋतूवर ठरतं. पावसाळ्यात, सोयाबीन रानात उभं असताना साप. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांवर एकच लस चालते. दोरी बांधणं, चिरा देणं, रक्त चोखणं, तिन्ही घातक. हातपाय मोडल्यावर ठेवतो तसा तो अवयव स्थिर ठेवा, अंगठी-कडं काढा, माणसाला चालू देऊ नका, आणि लस असलेल्या सरकारी दवाखान्यात न्या. विष उतरवायला मारुतीच्या पाराकडं निघालेल्या घरच्यांना मामा हात जोडून म्हणायचे, "नारळ मी फोडतो, तुम्ही गाडी काढा." आणि खरंच जाऊन फोडायचे. घरच्यांचं मन मोडलं तर पुढच्या वेळी ते आपल्याला बोलावत नाहीत.

फवारणीच्या दिवसांत विषबाधा. कपडे काढून अंग साबणानं धुवा, स्वतः हातमोजे घाला, उलटी काढायला लावू नका. औषधाची बाटली दवाखान्यात सोबत न्या, निदान लेबलचा फोटो तरी. एप्रिल-मेमध्ये उष्माघात. माणूस असंबद्ध बोलायला लागला की वाट बघायची नाही; सावली, ओली चादर, वारा, १०८. भाजल्यावर वीस मिनिटं वाहतं पाणी. टूथपेस्ट, शाई, हळद काही नाही. फीट आलेल्याच्या नाकाला कांदा-चप्पल लावायची नाही, तोंडात चमचा घालायचा नाही.

हृदय बंद पडलेल्याला द्यायच्या छातीदाबाचा (सीपीआर) सराव मात्र पुतळ्यावर हात दुखेपर्यंत करा. मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच-सहा सेंटीमीटर खोल, तीस दाबांनंतर दोन श्वास. श्वास देणं जमत नसेल तर नुसते दाब, पण थांबायचं नाही. वाचून हे कळतं, पण अंगात बसत नाही.

नोकरीचं विचारता म्हणून सांगते. कारखान्यांत प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळायला प्रशिक्षित माणूस लागतो, त्यामुळं साखर कारखान्यात, एमआयडीसीत या प्रमाणपत्राला किंमत आहे. मला स्वतःला इथूनच नर्सिंगची वाट सापडली. मात्र प्रमाणपत्राला मुदत असते, ती बघत राहा.

वर्ग रविवारी सकाळी आठला. मुलींनो, ओढणी बांधून या, पुतळ्यावर वाकताना मध्ये येते. पहिले दोन रविवार पेटीच उघडायची आहे. रजिस्टर खिडकीत आहे, मामांच्या शेवटच्या सहीचं पान त्यात अजून आहे. तुमची सही त्याच्या पुढच्या पानावर, मोजून झाल्यावर.